एका बाजूची धार

अनोळखी माणसाने धंदा विचारला की डोळेवाले सरळ सांगायचे, "डोळे भरतो." मग समोरचा माणूस जरा अदबीने बोलू लागायचा. एकदा बसमध्ये एका म्हातारीने त्यांना मोतीबिंदूबद्दल विचारलं होतं आणि यांनीही तिला खुशाल सल्ला दिला होता, कारण कोणी विचारावं आणि आपण गप्प बसावं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. खरं तर ते गुलाबाचे डोळे भरायचे. पानाच्या बगलेत कोंबाची बारीक गाठ असते, तिला डोळा म्हणतात. चांगल्या गुलाबाचा डोळा सालीसकट काढायचा, रानगुलाबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्या सालीखाली सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. मुळं खुंटाची आणि फुलं डोळ्याची. नर्सरीत उभी हयात त्यांनी हेच केलं, आणि तिथे त्यांचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालासुद्धा आठवावं लागायचं.

या कामाला अवजार एकच. खिशात दुमडून ठेवायचा चाकू. डोळेवाल्यांचा चाकू घासून घासून निम्मा झाला होता, पण अंगावरची लव उतरवील अशी त्याची धार असायची. रोज काम सुरू करण्याआधी ते दगडावर थुंकायचे आणि गप्पा मारता मारता धार लावायचे. बघायचेसुद्धा नाहीत. कसं जमतं असं कोणी विचारलं तर म्हणायचे, मला काय माहीत, हाताला विचार.

मग हातानेच दगा दिला. उजवा हात थरथरू लागला. आधी चहाच्या कपाशी, मग बटणांशी, आणि शेवटी चाकू धरल्यावर. डोळेवाल्यांनी पाठीचं दुखणं काढलं आणि नर्सरी सोडली. पाठीच्या नावावर माणसाला सहानुभूती मिळते, थरथरत्या हाताच्या नावावर कीव मिळते, असं त्यांचं गणित होतं. घरीही त्यांनी हेच सांगितलं. हात खिशात, चहा अर्धा कप, आणि जेवताना डाव्या हाताने पान सरळ करायचं निमित्त. बायकोला काही कळत नाही अशी त्यांची समजूत होती. जगातल्या सगळ्या नवऱ्यांची असते.

चाकूचं मात्र वाटोळं झालं. थरथरत्या हाताने दगडावर घासला की धार लागायच्या ऐवजी गोल होत जायची. मग वैतागून त्यांनी तो स्वयंपाकघरात टाकला. तिथे त्याने पोत्यांचे दोरे तोडले, डब्यांची झाकणं उचकटली, एकदा तर फरशीच्या फटीतलं गवतही काढलं. त्याला दोन ठिकाणी खाचा पडल्या. लोणी कापायलाही तो चाकू लाजला असता.

जावयाने हे पाहिलं होतं. जावई म्हणजे नव्या यंत्राची नुसती जाहिरात दिसली तरी ज्याचा हात खिशाकडे जातो असा माणूस. त्याने धार लावायचा एक संच आणून दिला. टेबलाच्या कडेला घट्ट बसणारा एक घोडा, त्यात पातं धरायचा शिकंजा, वर एक लांब दांडी, दांडीला अडकवायचे चार दगड, आणि कोन लावायला अंश लिहिलेली एक चकती. "बाबा, यात चूक करायची म्हटलं तरी होत नाही," असं तो म्हणाला होता. डोळेवाल्यांनी खोकं कपाटावर ठेवलं आणि बायकोला म्हणाले की आता भात कालवायलाही यंत्र निघेल, तेही हा घेऊन येईल. खोकं तिथेच राहिलं.

आता गंज्याबद्दल सांगायला हवं. डोळेवाल्यांचा मुलगा मालट्रक चालवायचा. एकदा येताना त्याने कुठल्याशा बंद कारखान्याच्या कुंपणावरची गुलाबाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. बापाने ती खुंटावर भरली. फूल आलं तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. रंग धड लाल नाही, धड पिवळा नाही. "हा रंग आहे की पत्र्यावरचा गंज?" असं बाप म्हणाला, आणि पोराने त्याच दिवशी झाडाचं नाव गंज्या ठेवलं. वास मात्र असा होता की दारातून आत येणारा माणूस उंबऱ्यावर जरा थांबायचा. पुढे एका वळणावर ट्रक उलटला आणि पोरगा आलाच नाही. गंज्या दारात राहिला. बायको रोज सकाळी त्याची पिवळी पानं काढायची आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलायची. काय बोलायची ते डोळेवाल्यांनी कधी ऐकलं नाही, कारण ती बोलू लागली की ते आत निघून जायचे.

ज्याने आयुष्यभर एकाची शंभर झाडं केली, त्याच्या स्वतःच्या दारात गंज्या एकुलता एक होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढच्या हंगामात दुसरा करू, असं ते म्हणत राहिले, आणि मग हात गेला.

त्या दिवशी पाण्याच्या नळासाठी गल्ली खणायला यंत्र आलं. डोळेवाले आणि बायको सकाळीच दवाखान्यात गेले होते, तिच्या गुडघ्यासाठी. परत आले तेव्हा दारापुढे चर होता आणि गंज्या मातीच्या ढिगावर उलटा पडला होता. मुळं चिरडली होती. फांद्यांवरून चाक गेलं होतं आणि ऊन चांगलंच चढलं होतं. खणणारा माणूस म्हणाला की वाळलेलं झाड वाटलं, आणि पुढे निघून गेला. बायको ढिगावर चढली. तिने एकेक फांदी उलटून पाहिली आणि त्यातली एकच, बोटाएवढ्या जाडीची, धड निघाली. ती तिने ओल्या फडक्यात गुंडाळली आणि घरात येऊन टेबलावर नवऱ्यापुढे ठेवली.

"भरा," ती म्हणाली.

तेवढंच. मग ती समोरच्या खुर्चीत बसली. रडली असती तर डोळेवाल्यांना काहीतरी करता आलं असतं. ती रडत नव्हती, फडक्याकडे बघत बसली होती.

काडीवर कामाचे म्हणावेत असे आठ-नऊ डोळे होते. मागच्या अंगणात डब्यांतून रानगुलाबाचे खुंट होते, सवय म्हणून लावलेले. खुंटांची कमतरता नव्हती. पण काडीने ऊन खाल्लं होतं. संध्याकाळपर्यंत साल लाकडाला चिकटली असती आणि मग देवाचा बाप आला तरी डोळा सुटला नसता. काम आजच व्हायला हवं होतं. बायको म्हणाली, तुमच्या जोडीदाराला फोन करा ना. जोडीदार म्हणजे नर्सरीत त्यांच्याच टेबलावर समोरासमोर बसून डोळे भरणारा माणूस. तो तासाभरात आला असता आणि त्याच्या खिशात धारेचा चाकू असला असता.

"माझ्या पोराचं झाड दुसऱ्याच्या हातात देऊ?" डोळेवाले म्हणाले. हे ऐकायला फार बरं वाटलं. खरं कारण असं होतं की जोडीदार आला असता तर त्याने आधी यांच्या हाताकडे पाहिलं असतं.

त्यांनी स्वयंपाकघरातून चाकू आणला, अंगठा धारेवरून फिरवला आणि तो परत खाली ठेवला. दाढीचं पातं घेऊन पाहिलं, ते हातात वाकलं आणि त्यांचंच बोट कापलं गेलं. भाजीची सुरी जाड होती. तेव्हा बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा त्यांनी कपाटावरचं खोकं काढलं.

घोडा टेबलाच्या कडेला आवळायला वेळ लागला, कारण आटे बसवताना हात उड्या मारत होता. बायकोकडे पाठ करून त्यांनी ते काम केलं. शिकंज्यात पातं धरलं. सोबतच्या कागदावर चित्रं होती. कोन लावा, खरखरीत दगड घ्या, दांडी पुढेमागे सरकवा, पलीकडच्या कडेला बोटाला पोलादाचा बारीक कंगोरा लागेपर्यंत घासा. त्यांनी दांडी धरली आणि सरकवली.

दांडी थरथरली नाही. ती भोकातून जात होती, आणि भोकाने तिला इकडेतिकडे हलू दिलं नाही. त्यांचा हात वर कसाही नाचत असला तरी दगड पात्यावर एकाच कोनात येत होता आणि जात होता. डोळेवाले क्षणभर थांबले, मग पुन्हा सरकवून पाहिली. तोच आवाज, तीच तिरपी चमकती रेघ. हात खिशात लपवायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या हातून एखादी गोष्ट सरळ होत होती. त्यांना इतका आनंद झाला की ते बोलत सुटले. जावई हिरा आहे, म्हणाले. आपण उगाच त्याला नावं ठेवली. हे नर्सरीत प्रत्येक टेबलाला हवं. बायकोने फडक्यावर पाणी शिंपडलं आणि खुर्ची जवळ ओढली.

खाचा जायला बराच वेळ गेला. पोलादाची काळी भुकटी टेबलावर पडत राहिली. शेवटी पलीकडच्या कडेला बोटाला कंगोरा लागला. कागदावरच्या पुढच्या चित्रात शिकंजा उलटा केला होता. यांनीही उलटा केला, तोच कोन, तोच दगड, आणि दुसरी बाजूही तेवढीच घासली. मग बारीक दगड, मग त्याहून बारीक. चित्रातला माणूस हसत होता. डोळेवाल्यांनी पातं सोडवलं आणि वर्तमानपत्राच्या कडेवर टेकवलं. कागद आवाज न करता दुभंगला.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "बघ ना." तिने पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला.

त्यांनी खुंटाचा डबा पुढ्यात घेतला. काडी डाव्या हातात धरली, दोन्ही कोपरं टेबलावर रोवली, मनगट छातीशी दाबलं, आणि पहिल्या डोळ्याखाली पातं घातलं. पातं सरळ जाईना. ते लाकडात बुडालं, मग एकदम उसळून बाहेर आलं, आणि डोळा मधोमध कापून टेबलावर पडला. हाताचा दोष, असं त्यांना वाटलं. दुसरा डोळा अधिक सांभाळून घेतला. तोही तसाच गेला. तिसरा निघाला, पण त्याच्या पाठीला खळगा होता. असा डोळा खुंटाला टेकत नाही, मधे हवा राहते आणि आत कुजतो. चौथाही खळग्याचा. मग डोळेवाल्यांनी पातं उजेडात धरलं आणि त्याच्या टोकाकडून पाहिलं.

कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. दुसरी बाजू आरशासारखी सपाट. ती सपाट बाजू काडीवर टेकून सरकते म्हणून काप सरळ जातो. ही गोष्ट डोळेवाल्यांना कोणी शिकवली नव्हती आणि त्यांनीही कधी कोणाला सांगितली नव्हती, कारण ती त्यांच्या डोक्यात नव्हतीच. ती हातात होती. इतकी वर्षं दगडावर त्यांचा हात एकच बाजू घासायचा आणि सपाट बाजू फक्त जाता जाता एकदा पुसून घ्यायचा. आज हाताला विचारायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी चित्राला विचारलं. चित्रातल्या माणसाला भाजी चिरायची होती. त्याने दोन्ही बाजूंना धार लावायला सांगितली आणि यांनी लावली. यंत्राने काडीइतकीही चूक केली नव्हती.

त्यांनी चाकू खाली ठेवला. बायकोने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही. मग म्हणाले, सपाट करायला लागेल. दांडीवरून दगड सोडवला, ओल्या फडक्यावर टेबलावर ठेवला, आणि पातं त्यावर आडवं निजवून घासायला लागले. त्या नव्या धारेचा सगळा कोन झिजवून पुन्हा सपाटी आणायची होती, आणि पोलाद काही ओल्या मातीसारखं झिजत नाही. दगडावर निजलेल्या पात्याला थरथर फारशी लागत नव्हती, एवढीच काय ती दया. खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं. बायको काडीवर पाणी शिंपडत राहिली. मधे तिने फडकं उघडून पाहिलं तेव्हा शेंड्याकडची साल सुरकुतली होती. तिने ते नवऱ्याला दाखवलं नाही, पण त्याने पाहिलं.

गुलाबाचे डोळे भरणाऱ्या माणसाचे स्वतःचे डोळे घासता घासता भरून आले आणि त्याला समोरचं पातं दिसेना. पोरगा गेला तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा चार माणसं होती, त्यांना चहापाणी बघायचं होतं. आता बायकोशिवाय कोणी नव्हतं आणि समोर फडक्यात पोराचा शेवटचा जिवंत तुकडा वाळत होता. पुसायला हात वर केला तर तो इतका हलत होता की चेहऱ्यावर नीट लागेना.

बायको उठली. तिने त्यांचं मनगट दोन्ही हातांत धरलं. तिच्या हातातही ते थरथरत राहिलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"नर्सरी सोडायच्या आधीपासून. पाठ चांगली आहे माझी."

तिने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता तरी जोडीदाराला बोलवा. अजून उजेड आहे."

आणि इथे, सांगणाऱ्यालाही राग यावा असं, डोळेवाल्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. पातं आता सपाट झालंय, आता भरतोच. तू मनगट धर. इतकं सगळं उघडं पडल्यावरही एका माणसापुढे झाकून ठेवायचं त्यांना सुटेना. बायकोने हात धरला.

कामाचे तीन डोळे उरले होते. तिन्ही निघाले. एक जरा जाड, एक कडेला फाटलेला, आणि एक, खरंच, पूर्वीसारखा. खुंटाची साल उचलताना दोघांचे हात एकमेकांवर होते आणि कोण कोणाला ढकलतंय ते सांगता आलं नसतं. पट्ट्या बायकोने बांधल्या. तीन डबे सावलीत ओळीने ठेवले आणि मग दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिली.

भरलेला डोळा लागला की नाही हे त्याच्या देठावरून कळतं. पान काढून देठाचं बोटभर टोक ठेवलेलं असतं. काही दिवसांनी त्याला हलकेच बोट लावायचं. अलगद गळालं तर डोळा जगला, सुकून चिकटून राहिलं तर गेला. जाड डोळ्याचं देठ चिकटलं. फाटक्याचंही चिकटलं. तिसऱ्याचं गळून बायकोच्या तळहातावर पडलं, आणि ती ते तसंच मुठीत धरून घरभर फिरली. डोळा हिरवा होता. डोळेवाल्यांनी रिवाजाप्रमाणे खुंटाचा वरचा भाग छाटला, म्हणजे सगळा रस डोळ्याला मिळेल. छाटताना बायकोने मनगट धरलं होतं. त्या दिवसांत ती दोघं पोराबद्दल बोलू लागली. तो लहानपणी काय खायचा नाही, कोणाशी भांडायचा, ट्रकचा भोंगा गल्लीच्या तोंडाशीच कसा वाजवायचा. डोळेवाले आता आत निघून जात नव्हते.

मग डोळ्याच्या कडेला तपकिरी रेघ आली. ती रोज सरकत गेली. डोळेवाल्यांना ती पहिल्या दिवशीच दिसली. त्यांनी डोळ्याची बाजू भिंतीकडे येईल असा डबा फिरवून ठेवला आणि बायकोला सांगितलं की ऊन लागतंय.

एका सकाळी बायकोने त्यांना अंगणातून हाक मारली. आवाजच वेगळा होता. ते गेले तेव्हा ती डब्यापाशी गुडघ्याचं दुखणं विसरून बसली होती. "फुटला," ती म्हणाली.

ते वाकले. पट्टीतला डोळा काळा पडला होता. कोंब त्याच्या खालून, खुंटाच्या अंगातून आला होता. तजेलदार, जोमाचा, आणि पहिल्याच पानाच्या देठावर सात छोटी पानं. गंज्याच्या देठावर पाच असायची. हा रानगुलाब होता. असा फुटवा दिसला की तो जिथल्या तिथे खुडायचा, हे नर्सरीतलं पहिलं शिक्षण. डोळेवाल्यांचा अंगठा सवयीने त्याच्याकडे गेला आणि मधेच थांबला.

"लागला ना?" बायकोने विचारलं.

"लागला," ते म्हणाले.

ती आत जाऊन तांब्या घेऊन आली. खाली बसली आणि बारीक धारेने मुळाशी पाणी घालू लागली. पाणी मातीत जिरू दिलं.

"मी इतकी वर्षं तुमच्या घरात आहे," ती म्हणाली. "पाच आणि सात मलाही मोजता येतात."

डोळेवाले तिच्या शेजारी खाली टेकले.

"त्या दिवशी जोडीदाराला बोलावलं असतंत तर आज गंज्या असता."

"हो," ते म्हणाले.

तिने तांब्यात उरलेलं पाणीही ओतलं. डोळेवाल्यांचा हात अजून फुटव्यापाशीच होता, उघड्यावर, थरथरत. तिने तो बाजूला केला.

"खुडू नका त्याला," ती म्हणाली. मग भिंतीचा आधार घेत उठली आणि आत गेली.